‘वाइड’चे बटण दाबण्याआधी

पोळ्याच्या दिवशी पारशिवनी तालुक्यातल्या गावांत आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या रांगेने उभ्या राहतात, तेव्हा व्हिडिओ काढणाऱ्याला अडचण होते ती रांगेच्या लांबीची. झूल, मठाटी, रंगवलेली शिंगे नीट दिसावीत म्हणून जवळ जावे, तर चौकटीत दोनच बैल मावतात. मागे सरकावे, तर वर नुसते आभाळ आणि खाली नुसती धूळ. झडत्या सुरू झालेल्या असतात, पोळा कधी फुटेल सांगता येत नाही, आणि शूटिंगवाल्याचा अंगठा घाईघाईने मेनूत शिरतो. तिथे ‘१६:९’, ‘वाइड’, ‘सिनेमा’, ‘४के’ असे बरेच काही लिहिलेले असते. त्यातले काहीतरी निवडले जाते, पडद्यावर चित्र जरा लांबोडके दिसते, आणि काम झाले असे वाटते.

घरी टीव्हीवर लावल्यावर बैल ताणलेले दिसतात, नाहीतर वरखाली काळ्या पट्ट्या येतात, नाहीतर चित्र विनाकारण भुरकट वाटते. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. खरी गोष्ट अशी, की ‘वाइड’ हे एकच नाव कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांनी तीन-चार वेगळ्या युक्त्यांना दिलेले आहे. त्यातली एखादी चित्राच्या दोन्ही बाजूंना खरोखर भर घालते. बाकीच्या फक्त डोके आणि पाय कापतात. मेनूतल्या नावावरून हे कळत नाही. ते तपासून पाहावे लागते, आणि तपासायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

आधी एक गोंधळ बाजूला सारायला हवा. रुंद चौकट आणि रुंद भिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरचे जास्त दृश्य चित्रात घ्यायचे काम भिंगाचे; मोबाइलवर ‘०.५’ दाबल्यावर जे होते ते. चौकटीचे प्रमाण म्हणजे त्या चित्राची रुंदी आणि उंची यांचा हिशेब. ४:३ म्हणजे चार भाग रुंद, तीन भाग उंच. १६:९ मध्ये चित्र उंचीच्या पावणेदोन पटींहून किंचित जास्त रुंद असते. चौकट बदलली म्हणून भिंगाला जास्त दिसू लागत नाही. बैलांची अख्खी रांग हवी असेल तर भिंग रुंद हवे, किंवा पाय मागे घ्यायला हवेत.

ही प्रमाणे कुठून आली याचा थोडा इतिहास उपयोगी पडतो. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर चार छिद्रांच्या उंचीची चौकट ठरवली, तिचे प्रमाण ४:३ होते. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चौकटीतला. टीव्ही आला तेव्हा त्यानेही तीच चौकट उचलली. मग घरबसल्या चित्रे दिसू लागल्यावर थिएटरे ओस पडू लागली, आणि प्रेक्षकाला परत आणण्यासाठी हॉलिवूडने पडदा रुंद केला. १९५३ मध्ये ‘द रोब’ सिनेमास्कोपमध्ये झळकला. त्यामागे हेन्री क्रेतिएँ या फ्रेंच संशोधकाचे भिंग होते. हे भिंग रुंद दृश्य आडवे दाबून निम्म्या रुंदीत फिल्मवर उतरवायचे. प्रोजेक्टरवरचे भिंग ते पुन्हा मूळ रुंदीत फुलवायचे. आपल्याकडे गुरुदत्त यांनी १९५९ मध्ये ‘कागज के फूल’ सिनेमास्कोपमध्ये काढला आणि व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्याने ती रुंदी रिकाम्या स्टुडिओच्या अंधारात कशी वापरायची ते दाखवून दिले.

१९८० च्या दशकात नव्या टीव्हीची चौकट ठरवायची वेळ आली तेव्हा कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने एक सोपी गोष्ट केली. वापरात असलेल्या सगळ्या प्रमाणांचे, सारख्या क्षेत्रफळाचे आयत त्याने एकावर एक ठेवले. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांना सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचे प्रमाण १.७७ च्या आसपास निघाले. तेच आजचे १६:९. म्हणजे ही चौकट सौंदर्याच्या एखाद्या नियमातून आलेली नाही. जुना ४:३ सिनेमा आणि सिनेमास्कोप यांच्यात केलेली ती तडजोड आहे. म्हणूनच १६:९ च्या टीव्हीवर जुने चित्र लावले की बाजूंना काळे उरते आणि सिनेमास्कोप लावला की वरखाली. ते तसेच उरले पाहिजे. काळी पट्टी दिसली की रिमोट घेऊन चित्र ताणण्याची सवय मात्र घरोघरी आहे, आणि तिच्यापायी अनेक सडपातळ माणसे विनाकारण जाडी दिसतात.

आता प्रत्यक्ष कॅमेऱ्याकडे. अनेक स्टुडिओंच्या कपाटांत अजून कॅसेटवर चालणारे मिनी डीव्ही कॅमेरे आहेत. सोनीचे पीडी १५० आणि पीडी १७० हे लग्नाच्या शूटिंगमधले एके काळचे राजे. त्यांचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, ४:३ च्या आकाराचा. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत डीव्हीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते. अशा कॅमेऱ्यात वाइड निवडले, की तो सेन्सरच्या वरचा आणि खालचा भाग टाकून देतो. ५७६ पैकी ४३२ ओळींवर काम भागवतो आणि त्याच ओळी ताणून पुन्हा ५७६ करतो. बाजूंना काहीही वाढत नाही, आणि चित्राचा चौथा हिस्सा तपशील कायमचा जातो. भुरकटपणा येतो तो इथून.

त्याच काळातल्या हँडीकॅमच्या मेनूत ‘सिनेमा’ आणि ‘१६:९ फुल’ असे दोन पर्याय असत. ‘सिनेमा’मध्ये कॅमेरा वरखाली काळा रंग भरतो आणि ती काळी पट्टी चित्रातच छापली जाते. ‘फुल’मध्ये चित्र आडवे दाबून साठवले जाते आणि सोबत एक खूण ठेवली जाते, की टीव्हीने हे उलगडून दाखवावे. खूण वाचली गेली तर चित्र बरोबर. वाचली गेली नाही तर नवरदेव बांबूसारखा उंच आणि बारीक. तिसरा प्रकार खऱ्या रुंद सेन्सरचा. कॅनन एक्सएल २ हा २००४ चा कॅमेरा त्याचे चांगले उदाहरण: त्यात १६:९ निवडले की सेन्सरची जास्त रुंदी वापरात येते आणि बाजूंना खरोखर नवे काही दिसते. त्याच सुमारास आलेल्या सोनीच्या एफएक्स १ सारख्या एचडीव्ही कॅमेऱ्यांचे सेन्सर तर मुळातच १६:९ चे होते.

आपल्या हातातला कॅमेरा यांपैकी कोणता, हे ओळखण्यासाठी माहितीपुस्तिका शोधत बसायची गरज नाही. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा, झूम पूर्ण मागे घ्यावा आणि समोर असे दार किंवा खिडकी धरावी की जिच्या दोन्ही कडांना ओळखू येईल अशी एकेक वस्तू असेल. एकीकडे झाडू, दुसरीकडे पाण्याची घागर चालेल. आता ४:३ वरून १६:९ वर जावे. बाजूला ठेवलेल्या, आधी न दिसणाऱ्या वस्तू आत आल्या तर वाइड खरे आहे. बाजू जिथल्या तिथे राहिल्या आणि दाराची चौकट वरून व उंबऱ्याकडून कापली गेली तर ते नुसते कापणे आहे. काळ्या पट्ट्या उमटल्या तर नुसते रंगवणे.

दुसरी परीक्षा ताणाची. भिंतीला एक परात टेकवून तिचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करावे, ते ज्या टीव्हीवर पाहायचे त्याच टीव्हीवर लावावे आणि पडद्यावरच्या परातीची रुंदी व उंची चक्क टेपने मोजावी. दोन्ही सारख्या आल्या तर साखळी बरोबर जुळली आहे. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या कॅमेऱ्यांचा पडदा ४:३ चा असल्यामुळे काहींत बरोबर चित्रही दाबलेले दिसते, तर काहींत चुकीचेही बरे दिसते.

सेन्सर ४:३ चा निघाला तर काय करावे? कॅमेऱ्यात वाइड न लावता पूर्ण ४:३ मध्ये शूट करावे, मात्र मांडणी करताना वरचा आणि खालचा आठवा-आठवा हिस्सा रिकामा सोडावा, आणि कापायचे ते मिक्सिंगच्या वेळी कापावे. तपशील दोन्ही वाटांनी जवळपास तेवढाच जातो, हे खरे. पण इथे कापण्याची जागा हातात राहते: एका शॉटमध्ये डोके वाचवायचे म्हणून खालून जास्त कापता येते, दुसऱ्यात पायातल्या जोडव्यांसाठी वरून.

या युक्तीला भारतीय सिनेमात मोठा वारसा आहे. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला सत्तर एमएमच्या पडद्यावर आला, पण सत्तर एमएमचे कॅमेरे परवडणारे नव्हते, म्हणून तो नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट झाला आणि नंतर २.२ पट रुंदीच्या चौकटीत मोठा केला गेला. निगेटिव्हवर होते ते वरखाली कापले जाणार हे छायालेखक द्वारका दिवेचा यांना आधीच माहीत होते, आणि त्या हिशेबानेच चौकटी लावल्या गेल्या. गब्बरच्या अड्ड्यावरचे खडक, रिकामे माळरान, रेल्वेगाडीवरचा हल्ला ही दृश्ये रुंदीसाठी रचलेली वाटतात, कारण ती तशीच रचलेली होती. कापणे नंतर झाले. विचार आधी झाला होता.

आजच्या कॅमेऱ्यांत ४:३ चे व्हिडिओ मोड जवळजवळ संपले आहेत, म्हणून प्रश्न संपला असे वाटते. तो फक्त जागा बदलून बसला आहे.

बहुतेक मोबाइलचा मुख्य सेन्सर अजूनही ४:३ चाच असतो. फोटोमधून व्हिडिओवर सरकवले की चित्र एकदम जवळ आल्यासारखे का वाटते, त्याचे उत्तर हेच: वरखालचा भाग कापला जातो, आणि वर हात हलू नये म्हणून फोन चारही बाजूंनी आणखी थोडे कापतो. म्हणून फोटो मोडमध्ये उभे राहून जागा ठरवू नये. व्हिडिओ मोड लावून, स्थिरीकरण चालू ठेवून, मगच मांडवात कुठे उभे राहायचे ते नक्की करावे.

बहुतेक मिररलेस आणि डीएसएलआर कॅमेऱ्यांचे सेन्सर ३:२ चे. त्यांतही १६:९ साठी वरखाली कापले जाते, ते ठीक. खरी फसगत ४के निवडल्यावर होते. कॅनन ईओएस आर हा २०१८ चा कॅमेरा फुल एचडीत पूर्ण रुंदी वापरतो, पण ४के लावले की सेन्सरचा मधलाच भाग घेतो आणि दृश्य सुमारे पावणेदोन पट जवळ येते. चोवीस मिलिमीटरचे भिंग बेचाळीससारखे वागते. लहानशा घरात हळदीचा कार्यक्रम असेल, मागे भिंत असेल, तर त्या मोडमध्ये नवरी आणि तिच्या दोन करवल्या एवढेच मावेल. अशा ठिकाणी फुल एचडी घेणे शहाणपणाचे, मग ग्राहकाने ४के म्हणून कितीही आग्रह धरलेला असो.

‘४के’ या नावातही दोन चौकटी लपलेल्या आहेत. टीव्हीचे ४के ३८४० बाय २१६० ठिपक्यांचे, म्हणजे बरोबर १६:९. सिनेमाचे ४के ४०९६ बाय २१६०, म्हणजे किंचित जास्त रुंद. कॅनन ५डी मार्क ४ वर ४के घेतले की हे दुसरेच मिळते. एका लग्नात एक कॅमेरा ५डी मार्क ४ आणि दुसरा सोनीचा असेल, तर मिक्सिंगच्या टेबलावर दर दुसऱ्या शॉटला बारीक काळी रेघ उमटते किंवा चेहरे नकळत ताणले जातात. ज्या संगणकावर एडियस या सॉफ्टवेअरमध्ये रात्र रात्र मिक्सिंग चालते, तिथे बसणाऱ्याला विचारावे. अशा रेघांनी त्याची किती झोप गेली आहे ते तो सांगेल. म्हणून दोन कॅमेरेवाल्यांनी शूटिंगच्या आदल्या दिवशी फोनवर तीन गोष्टी जुळवाव्यात: चौकट, ठिपक्यांची संख्या आणि सेकंदाला किती चित्रे. तिसरीत २५ घ्यावे आणि शटर एक पन्नासांश ठेवावे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि मांडवातले दिवे लुकलुकायला कारण शोधतच असतात.

आणि मग ते ‘सिनेमॅटिक’. लग्नाच्या टीझरमध्ये वरखाली काळ्या पट्ट्या असल्याच पाहिजेत असा आग्रह आता गावोगाव पोचला आहे. सिनेमास्कोपच्या प्रमाणात कापले की फुल एचडीच्या १०८० ओळींपैकी सुमारे ८०० उरतात; ४के असेल तर २१६० पैकी १६०० च्या आसपास. पट्ट्या कॅमेऱ्यात घालू नयेत. कॅमेऱ्यात पूर्ण १६:९ घ्यावे आणि पडद्यावर फक्त खुणेच्या रेषा चालू कराव्यात. सोनीसह अनेक कॅमेऱ्यांत २.३५ च्या मार्कर रेषा असतात. रेषा नोंदवल्या जात नाहीत, त्या फक्त शूट करणाऱ्याला दिसतात. उद्या नवरीच्या वडिलांनी पट्ट्या काढा म्हटले तर त्या काढता येतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: पट्ट्यांनी कुठलेही चित्र सिनेमा होत नाही. बोहल्यावर चौघे दाटीवाटीने उभे असताना, वर छत आणि खाली पायपुसणे दिसत असताना पट्ट्या घातल्या, तर नवरदेवाच्या फेट्याचा तुरा कापला जातो, एवढेच.

चौकट ठरवताना पहिला प्रश्न असा असावा, की हे चित्र शेवटी कुठे पाहिले जाणार. टीव्हीसाठी १६:९, यात वाद नाही. लग्नाच्या लॉनवर लावलेल्या एलईडी वॉलचे मात्र वेगळे असते. आठ फूट उंच आणि बारा फूट रुंद ही नेहमीची मापे आहेत, म्हणजे प्रमाण ३:२. तिच्यावर १६:९ चे थेट चित्र पूर्ण दाखवले तर ते पावणेसात फूट उंच होते आणि सव्वा फूट जागा काळी राहते. ती भरायची म्हणून ऑपरेटर चित्र मोठे करतो आणि दोन्ही बाजू मिळून जवळपास सहावा हिस्सा बाहेर जातो. त्या सहाव्या हिश्श्यात अनेकदा मामा उभे असतात. वॉलवाल्याकडून आधी माप विचारून घ्यावे, आणि थेट दाखवायच्या कॅमेऱ्याने महत्त्वाची माणसे कडांपासून आत ठेवावीत.

उरला मोबाइल. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, त्याच वर्षी इन्स्टाग्राम रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्स आपल्याकडे सुरू झाले, आणि उभी ९:१६ ची चौकट घराघरात पोचली. आता एकाच लग्नाचे दोन ग्राहक असतात: आईवडिलांना टीव्हीवर आडवे हवे, नवरीला त्याच रात्री स्टेटसला उभे हवे. इथे आकडेमोड कामी येते. १६:९ च्या ४के चित्रातून पूर्ण उंचीची उभी पट्टी कापली तर ती १२१५ बाय २१६० ठिपक्यांची निघते. रीलला १०८० बाय १९२० लागतात, म्हणजे थोडे उरतेच. फुल एचडीतून कापली तर रुंदीला जेमतेम ६०८ ठिपके मिळतात आणि ताणल्यावर चेहरा मेणासारखा दिसतो. उभे आणि आडवे दोन्ही हवे असेल तर ४के आडवे घ्यावे आणि मुख्य माणूस मधल्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवावा. बजेट असेल तर पूर्ण सेन्सर नोंदवणारे कॅमेरे आहेत: पॅनासॉनिक एस ५ मार्क २ आणि फुजीफिल्म एक्स-एच २ एस ३:२ मध्ये, गोप्रो हिरो ११ जवळपास चौकोनी ८:७ मध्ये. त्यातून हवी ती चौकट मागाहून काढता येते. फाइली मात्र भल्यामोठ्या होतात, आणि हार्ड डिस्कचे पैसे कोण देणार हे आधी ठरवून घेतलेले बरे.

तरीही काही क्षण कापून उभे होत नाहीत. आंतरपाट हे सर्वांत सोपे उदाहरण. एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरदेव, मध्ये धरलेले वस्त्र, दोन्ही टोकांना धरणारे हात: हे दृश्य मुळातच आडवे आहे, १६:९ साठीच आखल्यासारखे. मंगलाष्टके चालू असताना कॅमेरा आंतरपाटाच्या कडेला, दोघांना सारख्या अंतरावर ठेवून स्थिर सोडावा. झूम करू नये. आंतरपाट दूर होऊन अक्षता उधळल्या जातात तो क्षण दोघांच्या चेहऱ्यांवर एकदम दिसतो, आणि तो एकाच चौकटीत असण्यात त्याची सारी गंमत आहे. हार घालणे, मुलीची पाठवणी, आजीच्या गालावरून फिरणारा हात या गोष्टी उभ्या चौकटीत उत्तम बसतात. एक मोबाइल त्यांच्यासाठी ठेवावा.

रुंद चौकटीत माणूस नेहमी मध्ये ठेवण्याची सवय सोडावी लागते. ४:३ मध्ये मध्यभागी चेहरा ठेवला की चौकट भरते. १६:९ मध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्या, लटकणारी वायर आणि जेवणाच्या पंगतीकडे धावणारा मुलगा येतो. चेहरा एका तृतीयांशावर, नजर जिकडे आहे तिकडे जागा सोडून, आणि मागे काहीतरी अर्थपूर्ण, ही साधी रीत पुरते. फार रुंद भिंगाने कडेला माणूस ठेवला तर तो फुगलेला दिसतो. सामूहिक शॉटमध्ये काकांना टोकाला उभे करू नये. ते नंतर व्हिडिओ पाहून रुसतात, आणि त्यांचे रुसणे योग्यच असते.

शेतावर आणि रानात मात्र रुंदी आपोआप साथ देते. धानाच्या रोवणीत चिखलात वाकलेल्या बायांची ओळ कडेकडेने सरकते. ती ओळ चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पसरू द्यावी आणि कॅमेरा बांधावर, त्यांच्या वाकलेल्या कमरेच्या उंचीवर ठेवावा. उभ्याने घेतलेल्या शॉटमध्ये निम्मा चिखलच दिसतो. तान्ह्या पोळ्याला तर कॅमेरा आणखी खाली उतरवावा लागतो: लाकडी बैल ओढणारी पोरे गुडघ्याएवढ्या उंचीवरूनच बरोबरीची दिसतात. नवेगाव खैरीच्या जलाशयावर, जिथून नागपूरला पिण्याचे पाणी जाते, क्षितिज फार ठळक असते. तिथे रुंद चौकटीत जराशी तिरकी धरलेली रेषाही डोळ्यांना खुपते. कॅमेऱ्यातली आडवी पातळी चालू ठेवावी. घोगऱ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत उलट अडचण असते. गर्दी चहूबाजूंनी असते आणि रुंद चौकट ती सगळीच्या सगळी आत ओढते. अशा ठिकाणी थोडे जास्त झूम आणि एखाद्या दगडावरून वरून खाली पाहणारा कोन बरा पडतो.

कोलितमाराच्या प्रवेशद्वारातून पेंचच्या जंगलात जाणाऱ्यांनी आधी मोबाइल आणि कॅमेऱ्याचे त्या वेळचे नियम विचारावेत. ड्रोनचा तर परवानगीशिवाय विचारही करू नये. जंगलात वाघ दिसला की सगळे जण झूम ताणतात आणि वाघाचा चेहरा पडद्यावर भरून टाकतात. रुंद चौकटीत तो गवतातून येताना त्याच्यापुढे दोन वाघांची जागा मोकळी सोडावी, म्हणजे तो चालताना दिसतो. २००८ ची बीबीसीची ‘टायगर: स्पाय इन द जंगल’ ही मालिका याच पेंचच्या, पण मध्य प्रदेशातल्या जंगलात चित्रित झाली. डेव्हिड अॅटनबरो यांचे निवेदन, आणि कॅमेरे नेले होते हत्तींनी, काही तर चक्क सोंडेत धरून. त्यातला उपयोगाचा धडा उंचीचा आहे: कॅमेरा वाघाच्या डोळ्याच्या उंचीवर आला की रुंद चौकटीत जंगल मागे सरकते आणि प्राणी पुढे येतो. जिप्सीत उभे राहून घेतलेल्या शॉटला ते कधीच जमत नाही. बसून, गाडीच्या कडेला हात टेकवून घ्यावे.

कपाटातल्या जुन्या कॅसेट आता कुणी ना कुणी पेन ड्राइव्हवर उतरवून मागतो, आणि सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. व्हीएचएसवरचे लग्न ४:३ चेच असते. ते उतरवताना दुकानदाराला स्पष्ट सांगावे, की चित्र ताणू नका, बाजूंना काळे राहिले तरी चालेल. मिनी डीव्ही असेल तर फायरवायरने थेट उतरवून घ्यावे. म्हणजे कॅसेटवर आहे तसेच चित्र, तासाला सुमारे १३ जीबी या दराने, फाइलमध्ये येते. दाबून साठवलेले १६:९ चित्र उतरवताना त्याची खूण हरवली असेल तर माणसे बारीक दिसतात. व्हीएलसीमध्ये चित्र चालू असताना ‘ए’ ही कळ दाबत गेले की प्रमाणे एकामागून एक बदलतात आणि १६:९ वर आल्यावर माणसे नीट दिसतात. चित्र खराब झालेले नसते, फक्त प्रमाण चुकीचे वाचले गेलेले असते. मिक्सिंगला देताना मात्र फाइलबरोबर चिठ्ठी जोडावी, की हे ४:३ आहे की दाबलेले १६:९, म्हणजे संगणकापुढे बसलेल्याने अंदाज बांधत बसायला नको. मूळ उतरवलेली फाइल एमपी ४ करून झाल्यावरही पुसू नये. दहा वर्षांनी टीव्हीची चौकट पुन्हा बदललेली असेल तर कापायला आणि जुळवायला तीच लागेल.